कासवाची नोंद

उचगावात समुद्र नाही. आमच्या दाराशी आहे तो पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्यावरच्या गाड्यांची गाज, जी भरती-ओहोटी न पाळता अहोरात्र चालू असते. अलीकडे गांधीनगरची कापडबाजारपेठ, पलीकडे कोल्हापूर शहर. अशा गावातला एक निवृत्त बँक अधिकारी दरवर्षी फेब्रुवारीत रबरी चपला, टॉर्च आणि गुडघ्याचे पट्टे पिशवीत भरून कोकणची एसटी पकडतो, याचे शेजाऱ्यांना नवल वाटते. गेल्या वर्षी एकाने मला कोपऱ्यावर गाठून विचारलेच, “साहेब, राखणच करायची हौस आहे तर राधानगरी जवळ हाय की! गवे काय कमी हायत? समुद्रापतोर कशाला जाताय?”

प्रश्न रास्त होता. दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य १९५८ सालचे, राज्यातले सर्वांत जुने, आणि आमच्या जिल्ह्यातले. मी त्याला म्हणालो, “गव्यांचं माझ्याकडं काही देणं नाही. कासवांचं आहे.” तो हसला. लेखक माणूस काहीतरी बोलतो, असे समजून गेला. पण मी ते शब्दशः बोललो होतो. त्याचा खुलासा पुढे येईलच.

मी ज्या गावात जातो ते दापोली-मंडणगड पट्ट्यातले आहे. नाव मुद्दाम देत नाही. दिले तर पुढच्या रविवारी तिथे आणखी वीस गाड्या उभ्या राहतील, आणि तिथल्या एकमेव बोळात आधीच दोन गाड्या समोरासमोर आल्या की गावकऱ्यांना गडगा उतरून बाजूला व्हावे लागते. काम सांगतो. पहाटे पाचला, अंधार असताना, किनारा चालायचा. रात्री मादी येऊन गेली असेल तर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उमटलेला असतो, पाण्यातून वर आलेला आणि परत पाण्यात गेलेला. मागाच्या टोकाशी वाळू चाचपायची. सुमारे दीड फूट खोल, आत फुगीर आणि तोंडाशी अरुंद, थेट मडक्याच्या आकाराचा खड्डा. त्यात पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ सालीची शंभर-सव्वाशे अंडी. ती एकेक करून, फिरू न देता, वर-खाली होऊ न देता बादलीत उतरवायची, आणि भरतीच्या रेषेपासून वर, कुंपणाच्या आत तसाच मडक्यासारखा खड्डा खणून त्यात ठेवायची. कोल्हे, कुत्री, घोरपडी, खेकडे आणि माणूस, असे त्या अंड्यांचे गिऱ्हाईक असतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी वाळू खचते आणि पिल्ले वर येतात. मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायची, पिल्ले पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायची. हातात धरून पाण्यात टाकायची नाहीत. ती वाळू त्यांनी स्वतः चालायची असते. पुढे मोठी झालेली मादी आपल्या जन्मकिनाऱ्याच्या आसपास परतते ती या पहिल्या ओळखीच्या बळावर, असे जाणकार मानतात.

या सगळ्याची सुरुवात वेळासला झाली. नाना फडणविसांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून ते पूर्वी माहीत होते. आता कासवांचे गाव म्हणून माहीत आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे २००२ साली समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत असताना त्यांना तिथे कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की अंडी उकरून विकली जातात. संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरले. अंडी उकरण्यात ज्यांची नजर तयार झाली होती, त्यांच्याच नजरेवर अंडी राखण्याचे काम उभे राहिले. काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घराघरांत उतरू लागले, उकडीचे मोदक आणि सोलकढी यांना भाव आला. पुढे वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि त्याचे प्रतिष्ठान यांनी हे काम किनाऱ्यावर इतरत्र नेले. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले आणि तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. ओडिशात २०२१ साली पुढच्या वल्ह्याला धातूची पट्टी लावलेली एक मादी तर २०२५ साली गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातली कासवे आणि आपली कासवे वेगळी, असे धरून चालणाऱ्यांना त्या एका मादीने विचारात पाडले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वेळासला अभयारण्याची पाटी नाही. पाटी आहे ती मालवणला. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्या पाण्यात प्रवाळ आहे, शेवाळांची आणि माशांची समृद्धी आहे, हेतू उत्तम होता. पण ज्यांच्या होड्या त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरत होत्या त्यांना आपल्या अंगणात कुणीतरी रेघ मारल्यासारखे वाटले. विरोध झाला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. मी त्या काळात त्याच जिल्ह्यातल्या एका बंदराच्या शाखेत होतो, आणि ‘अभयारण्य’ हा शब्द तिथल्या चहाच्या टपरीवर शिवीसारखा वापरला जाताना मी ऐकला आहे. ‘अभय’ कुणाला, असे ते विचारत. राजपत्राने समुद्रावर रेघ ओढता येते; पहाटे पाचला उठवता मात्र कुणालाच येत नाही.

आता माझे देणे. १९८८ ते १९९२ मी त्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. वय तिशीच्या आत-बाहेर, लग्न नवे, बढतीची घाई. १९८९ साली सेवा क्षेत्र योजना आली, गावे बँकांमध्ये वाटली गेली, आणि प्रत्येक शाखेला अग्रक्रम क्षेत्राचे उद्दिष्ट मिळाले. शेती तुकड्या-तुकड्यांची, आंब्याला कर्ज किती देणार? एक ट्रॉलर मंजूर केला की मात्र पन्नास शेळ्या-म्हशींचे काम होई. नाबार्डचे पुनर्वित्त होते, कोळंबीला परदेशात भाव होता, वरून शाबासकी होती. मी चार वर्षांत अकरा यांत्रिक नौकांची प्रकरणे केली. कागदपत्रांत माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे अभिमानाने नव्हे, पण खरे म्हणून सांगतो.

कर्जावर घेतलेल्या मालमत्तेची तपासणी करावी लागते. एकदा तपासणीसाठी मी बोटीवरच गेलो. तळ खरवडत जाणारे जाळे दोन-अडीच तासांनी वर ओढले. कोळंबी, ढोमे, खेकडे, चिखल, आणि त्या ढिगात परातीहून मोठे एक कासव. मेलेले. कासव पाण्यातले खरे, पण श्वास घ्यायला त्याला वर यावे लागते. जाळ्यात अडकले की ते चक्क बुडून मरते. समुद्रात राहणारा प्राणी समुद्रात बुडून मरतो, हे मला त्या दिवशी कळले. तांडेलाने डोक्याचे फडके काढले, हात जोडले आणि म्हणाला, “सायबानू, कधीमधी असां व्हताच.” एरवी जिवंत कासव जाळ्यात आले तर हीच माणसे त्याला हळद-कुंकू वाहून सोडून देत. मेलेल्याला त्यांनी पाण्यात सोडले. नारळ नव्हता, मी खिशातला रुमाल चाचपत उभा राहिलो.

परत येऊन मी अहवाल लिहिला. ‘मालमत्ता सुस्थितीत. वापर उद्देशानुसार. परतफेड नियमित.’ त्यात कासवाला रकाना नव्हता. मी पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या एकीत ट्रॉलर आहे, तांडेल आहे, बँकेचा साहेबही आहे. कासव नाही. टीकाकारांनी त्या कादंबरीला ‘तपशिलांची श्रीमंती’ असे म्हटले होते. मला ते वाचताना फार बरे वाटले नव्हते.

मच्छीमारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, हे स्पष्ट करतो. त्या अकरांपैकी चौघांची कर्जे पुढे थकली. मासे कमी झाले, डिझेल वाढले, जाळी मोठी आणि भोके बारीक झाली, आणि शेवटी जप्तीच्या नोटिसा गेल्या. नोटिशीवर सही दुसऱ्या अधिकाऱ्याची होती, कारण माझी तोवर बदली झाली होती. बदली ही आम्हा बँकवाल्यांची मोठी सोय आहे. आपण पेरलेले उगवायच्या आत आपण दुसऱ्या गावी असतो.

आपल्या संतांनी कासवीचा एक दृष्टान्त घरोघर नेला आहे. कासवी एका तीरावर, पिल्ले दुसऱ्या तीरावर. ती दूध पाजत नाही, जवळही येत नाही, केवळ नजरेने त्यांना पोसते. लहानपणी आजीकडून हे ऐकताना मला ती नजर अगदी दिसायची. अंबाबाईच्या देवळात काय, खेड्यातल्या साध्या शंकराच्या देवळात काय, दगडी कासवाला हात लावल्याशिवाय आम्ही पुढे गेलो नाही. प्रत्यक्षात समुद्रकासवी अंडी घालते, पोटाने थापटून वाळू सारखी करते आणि मागे न बघता निघून जाते. पिल्लांची आणि तिची भेट नाही. निसर्गाने नजर ठेवण्याचे कलम तिच्या करारात घातलेलेच नाही. त्याऐवजी अंड्यांची संख्या वाढवून ठेवली आहे. हजारात एखादे पिल्लू मोठे होते, असे म्हणतात. हा हिशोब माणसाने त्यात हात घातला नव्हता तोवर बरोबर जुळत होता.

तर निवृत्तीनंतर मी जाऊ लागलो. स्वयंसेवक म्हणून. या शब्दाविषयी मला थोडे बोलायचे आहे.

शहरातून दोन रात्रींसाठी येणारा, टोपी घालणारा, छायाचित्र काढणारा आणि प्रमाणपत्र घेऊन जाणारा तो स्वयंसेवक. त्याचे कौतुक होते, वर्तमानपत्रात नाव येते. माझेही आले आहे. आणि नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोज पहाटे तोच किनारा चालणारा, थंडीत, पौर्णिमेला, स्वतःच्या बहिणीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा, तो कोण? त्याला ‘कासवमित्र’ म्हणतात. नाव गोड आहे. पण मित्राला पगार नसतो, मानधन असते. ते हंगामापुरते असते, आणि हंगाम संपला की तो आंब्याच्या बागेत रोजाने जातो किंवा मुंबईला जातो. दोन रात्री देणाऱ्याची सेवा आणि दीडशे रात्री देणाऱ्याची रोजंदारी, ही आमची भाषा आहे. तीस-पस्तीस वर्षे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार खात्यात पडलेला मी, त्या मुलाला ‘निःस्वार्थी’ म्हणतो तेव्हा माझी मलाच लाज वाटते. सरकारला खरोखर हे काम हवे असेल तर त्याने किनाऱ्यावरच्या प्रत्येक अशा गावात बारमाही पद निर्माण करावे, त्याला विमा द्यावा, पावसाळ्यात त्याच्याकडून किनाऱ्याच्या धुपीची मोजणी आणि प्लास्टिकचा हिशोब करून घ्यावा. कामाची वाण नाही. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या आणि किनाऱ्यांची ठेवण बदलली. कुठे घरट्यांची जागा उरली, कुठे गेली, हे सांगू शकणारी माणसे गावातलीच होती. त्यांचे ज्ञान कुठल्याही पदाच्या वर्णनात बसलेले नाही.

कुणी म्हणेल, पैसे दिले की भावना मरते. हा युक्तिवाद पैसे असणारेच करतात, असा माझा अनुभव आहे.

आणि आम्हा हौशी लोकांच्या भावनेचे काय होते, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेर एका घरट्याचा पन्नासावा दिवस उलटला होता. दिवसा पिल्ले सहसा येत नाहीत, पण ढगाळ झाले तर वाळू गार पडते आणि ती फसतात. तो मुलगा कामासाठी तालुक्याला गेला आणि मला म्हणाला, “काका, दर अर्ध्या तासानं टोपल्या बघा. सावलीची जाळी वाऱ्यानं उडते, ती नीट करा.” मी हो म्हटले. दुपारी दोन गृहस्थ आले. कोल्हापूरचे. त्यांनी मला ओळखले. त्यांच्यापैकी एकाने ती ट्रॉलरवाली कादंबरी वाचलेली होती. सुरूच्या सावलीत आम्ही बसलो. किती वेळ बोललो ते मला सांगता येत नाही. उठलो तेव्हा ढग गेले होते, जाळी एका बाजूला फडफडत होती, आणि टोपलीखाली १९ पिल्ले होती. ६ हलत होती.

तो मुलगा संध्याकाळी आला. त्याने टोपली बघितली, मला बघितले. ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने वही माझ्यापुढे ठेवली. घरटे क्रमांक, तारीख, अंडी, पिल्ले सोडली, मृत, न उबलेली. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस; आकडा कुठल्या रकान्यातून कुठल्या रकान्यात सरकवला की दिसेनासा होतो, हे मला झोपेतही सांगता येईल. ‘न उबलेली’ हा रकाना शेजारीच होता. माझे पेन क्षणभर तिथे थांबले, हे मी कबूल करतो. मुलगा म्हणाला, “काका, तेरा लिहा. मृतमध्ये. गेल्या वर्षी माझ्या हातून बावीस गेली होती, तीपण लिहिलीत.”

मी लिहिले. सही केली. एकोणीसशे नव्वद सालच्या त्या अहवालाचे शेवटचे वाक्य मला त्या वेळी आठवले.

त्यानंतर मी किनाऱ्यावरचे नाजूक काम तरुणांवर सोपवले आणि माझ्या लायकीचे काम शोधले. डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक चांगली योजना आहे. कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र वा चित्रफीत, अर्ज, नौकेची कागदपत्रे, बँक खात्याचा तपशील जोडावा लागतो. समुद्रात, हलत्या होडीत, तडफडणाऱ्या जनावराला कापून मोकळे करणारा माणूस ते करतो. अर्जाचा नमुना बघून मात्र त्याचे हात थरथरतात. इथे माझ्यासारखे निवृत्त लोक कामी येतात. गेले दोन हंगाम मी देवळाच्या ओट्यावर बसून अर्ज भरतो. हे काम महोत्सवाच्या छायाचित्रात येत नाही. पण कोल्हापूर-सांगलीच्या बँकांतून, एलआयसीतून, तहसील कचेऱ्यांतून निवृत्त झालेले आणि सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मारून उरलेल्या दिवसाचे काय करावे या विवंचनेत असलेले जे शेकडो लोक आहेत, त्यांना माझे सांगणे आहे : पिल्ले बघायला रविवारी येऊ नका. मंगळवारी या, चष्मा आणि स्टॅपलर घेऊन या.

जाळ्याचाही प्रश्न आहेच. जाळ्यात बसवायची, कासवाला वाट देणारी चौकट निघून कितीतरी वर्षे झाली. अमेरिकेने तिची सक्ती कोळंबीच्या आयातीशी जोडली तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ साली त्या सक्तीच्या पद्धतीविरुद्ध निकालही मिळवला. व्यापाराच्या अंगाने आपली तक्रार चुकीची नव्हती. बड्या देशाने आपल्या कायद्याने आपले जाळे विणायला सांगावे, हे कुणालाही रुचणारे नाही. पण पुढे कोचीच्या आपल्याच मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना साजेशी चौकट तयार केली. तरी ती वापरात यायला आपण टाळाटाळच केली. चौकटीतून थोडी कोळंबीही निसटते, हे मच्छीमार सांगतो आणि ते खरे आहे. ती निसटलेली कोळंबी कुणाच्या खात्यावर टाकायची, हा खरा प्रश्न. माझ्या वेळी ट्रॉलरला कर्ज देताना जाळ्याची किंमत धरत असू. त्यात चौकटीची किंमत अनुदान म्हणून धरायला आणि पहिल्या काही हंगामांची तूट सरकारने सोसायला काय हरकत होती? आजही नाही.

गेल्या मार्चमध्ये ओट्यावर एक साठीचे गृहस्थ आले. त्यांच्या मुलाने जाळे कापून एक मादी सोडली होती. मोबाइलवर चित्रफीत होती : हलणारी, अर्धी आभाळाची. तिच्यात कासवाचे एक वल्हे दिसते, मग सुरी, मग पाणी. नौकेची कागदपत्रे चाळताना जुन्या कर्जाचा एक शिक्का दिसला, कुठल्याशा दुसऱ्या बँकेचा, फेडलेल्या कर्जाचा. “फेडायला चौदा वर्षं लागली,” ते म्हणाले. “तुम्ही बँकेत होतात ना?” मी हो म्हटले. “मग तुम्हाला ठाऊक असेल,” एवढेच म्हणून त्यांनी माझ्याकडे शाईचा पॅड सरकवला, कारण अंगठा कुठे उठवायचा ते मला दाखवायचे होते.

तो अर्ज अजून मंजूर झालेला नाही. चित्रफितीत प्राणी पुरेसा स्पष्ट नाही, असा शेरा आला आहे. मी उत्तराचा मसुदा केला आहे; फेब्रुवारीत गेलो की त्यांची सही घ्यायची आहे.